टाच, चवडा आणि सरकीचा ढीग

चोपडा, ६ जानेवारी १९९७

तीर्थरूप नाना यांना धाकट्या लीलाधरचा वाकून नमस्कार (मनातल्या मनात, कमरेतून वाकता येत नाही, त्याचं कारण पुढे येतंच आहे). देवपुरात थंडी काय म्हणते? तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींनी पाठवलेले बिबडे पोचले. निम्मे तर तळायच्या आधीच संपले.

येत्या रविवारी पारोळ्याची मंडळी योजनाला पाहायला येत आहेत, तेव्हा मनालीचं खूळ आता पुरे, असा तुमचा निरोप मिळाला. शिवाय पोरगी बर्फावर फळीला पाय बांधून घसरणार म्हणजे नक्की काय करणार, हे बापाने आधी नीट समजून घ्यावं, असंही तुम्ही कळवलंत. तुमचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. समजून घ्यायला गेलो आणि कंबर धरली. तेव्हापासून उताणा पडून आहे (पत्रही छातीवर पाट ठेवून लिहितो आहे). अशा अवस्थेत पाहुण्यांपुढे बसणं शोभत नाही, म्हणून रविवार पुढे ढकलावा, ही विनंती.

झालं असं. योजनाने गेल्या साली कॉलेजच्या शिबिरात ते घसरणं पाहिलं आणि तेव्हापासून तिच्या डोक्यातून ते जात नाही. आता शिकाऊ पोरींच्या शिबिरात तिला जागा मिळाली आहे, ते याच आठवड्यात सुरू होतं, आणि ही वेळ गेली की मग लग्न, मग संसार, मग कुठलं मनाली. तिने सुताराकडून सागाची फळी करून घेतली, दोन्ही कडांना लोखंडी पट्टी आणि पायांना टायरचे पट्टे. चोपड्यात बर्फ कुठून आणणार, म्हणून कापसाच्या जिनिंगमधला सरकीचा ढीग निवडला. (सरकी किती निसरडी असते ते तुम्हाला सांगायला नको, तुम्हीच एकदा म्हशीचं टोपलं घेऊन आडवे झाला होतात.)

विद्या म्हणाल तर एवढीच. फळी उतारावर आडवी धरायची. टाचांवर भार दिला की मागची कड रुतते, चवड्यांवर दिला की पुढची. जी कड ढिगाच्या अंगाला असेल तीच रुतली पाहिजे. खालच्या अंगाची रुतली की माणूस आपटलाच. तोंड उताराकडे करून टाचांवर उभं राहणं मला पहिल्या झटक्यात जमलं. पेरणीनंतर बैलांमागे फळीवर उभे राहतो, तेच की हे. मी अगदी ऐटीत खाली आलो, थांबताना सवयीने ‘हो, हो’ असं ओरडलोसुद्धा. योजना हसून हसून सरकीत बसली.

मग तिने मला उलटं फिरवलं. तोंड ढिगाकडे, पाठ उताराकडे, भार चवड्यांवर. नाना, बैलांकडे पाठ करून फळीवर उभा राहिलेला शेतकरी आपल्या सात पिढ्यांत झाला असेल का? माझी मान आपोआप मागे वळायची, मानेबरोबर भार टाचांवर जायचा, खालची कड रुतायची आणि मी पाठीवर. पुन्हा उभा, पुन्हा मान मागे, पुन्हा पाठीवर. जिनिंगचा राखणदार सुपडू बराच वेळ बघत होता. मी मागे काही शोधतो आहे असं वाटून शेवटी म्हणाला, “भाऊ, काही हराई गयं का?”

तेव्हा योजना ढिगावर माझ्यासमोर उभी राहिली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, “आप्पा, मागे नका पाहू. माझ्याकडे पाहा. गुडघे वाकवा, नडग्या पुढे रेटा.” मी पाहिलं. घरात ही पोर विचारल्याशिवाय बोलत नाही, पाहुणे आले की चहा ठेवून आत पळते. तिथे ती मला हुकूम सोडत होती, केसांत सरकी, आणि चेहऱ्यावर एवढा आनंद की मी मागे पाहायचं विसरूनच गेलो. हळूहळू, अजिबात न पडता खाली आलो. नाना, खरं सांगतो, मला तिचा फार अभिमान वाटला.

घरी पायजमा झटकला आणि घरभर सरकी झाली, तेव्हा तिची आई म्हणाली, “बठ्ठी सरकी घरमा लई उनात, आते म्हैस बी घरमाच बांधा.”

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
लीलाधर

ता.क. कंबर दुसऱ्याच दिवशी मोकळी झाली. काल केळीला पाणीही देऊन आलो.

ता.क. योजनाला आज सकाळी भुसावळला दिल्लीच्या गाडीत बसवून दिलं, सोबत कॉलेजच्या दोघी आहेत. तिची आई आधी रडली, मग लाडवांचा डबा आणि माझा मफलर दिला. तुम्हाला न विचारता केलं, रागवायचं तर माझ्यावर रागवा.

ता.क. खरी विनंती ही. पारोळ्याला तुम्हीच जा. तुमच्या शब्दाला तिथे मान आहे. माझ्या कमरेचं निमित्त सांगू नका. मुलगी बर्फावर घसरायला शिकायला गेली आहे, असंच सांगा. हसले तर हसू द्या. चिडले तर चहा घेऊन उठा. पण मुलाने जर विचारलं, की पडली तर नाही ना, लागलं तर नाही ना तिला, तर तिथल्या तिथे पुढची तारीख ठरवून टाका.