ब्रेकचा दिवा

१२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रविवारी तू पुन्हा हरलास, त्याबद्दल अभिनंदन करायला हे पत्र. तुझी लेक चिमणी तिच्या टीव्हीला जोडलेल्या यंत्रावर, तू तुझ्या काच तडकलेल्या मोबाईलवर आणि मी मुलाने पाठवलेल्या टॅबवर, असे तीन गावांतून आपण एकाच रस्त्यावर गाड्या पळवतो आणि त्यात मी पहिली येते. माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला हे मी सांगते. काहींना दोनदा सांगून झालंय.

तुझं काय चुकतं ते सांगू का? जन्मभर शाळेची बस चालवलीस म्हणून खेळातसुद्धा प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक दाबतोस. चौकात थांबून वाट कुणाला देतोस रे? तिथे माणसं नाहीत, पोरं नाहीत, चित्रातली बदकं आहेत. चिमणी म्हणते की बाबांच्या मागे गाडी लागली की डुलकी काढून घ्यावी. बापाबद्दल असं बोलू नये म्हणून मी तिला रागावले, पण हसू काही आवरलं नाही.

इकडे सगळ्यांना खेळाचं वेड लागलंय. समोरचा केशकर्तनवाला गिऱ्हाइकाला साबण फासून मोबाईलवरच्या शेतात गाजरं उपटत बसतो. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई रंगीत ठोकळे जुळवतात, आणि पेशंट बाहेर गाल धरून बसलेला असतो. परवा एका गिऱ्हाइकाची मुलगी डोळ्यांवर तो खेळायचा डबा लावून दुकानात आली आणि राक्षस समजून माझ्या कपड्यांच्या पुतळ्याशी झटापट केली. पुतळ्याचा खांदा निखळला. मी तिलाच तो बसवायला लावला.

खेळताना बोलायचं बटण चिमणीने बंदच ठेवलंय, कारण आपण दोघं ओरडायला लागलो की तिचे शेजारी दार वाजवतात. फोनवर तू नुसता हं हं करतोस. तेव्हा जे काय रडायचं ते पत्रातच रड. जेवण वेळेवर घे.

लोभ आहेच, हरलास म्हणून तो कमी होणार नाही.
तुझी ताई

१८ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं परवाचं पत्र मिळालं. पत्र कसलं, दुकानाची पाटीच म्हणायची. एवढं ठळक आणि एवढं मोठं अक्षर, की पोस्टमननेसुद्धा विचारलं, घरात सगळं ठीक आहे ना. तुझं अक्षर म्हणजे बारीक टीप घातल्यासारखं असायचं, आणि आता एका पानावर जेमतेम चार ओळी. कागद काय फुकट मिळायला लागलाय?

बरं, मुद्द्याचं बोलतो. एप्रिलपासून मी जिंकतोय. वळणाला ब्रेक दाबणारा, बदकांना वाट देणारा मी रविवारमागून रविवार जिंकतोय आणि तू तिसरी येतेस. तुला काय वाटलं, मला कळणार नाही? लहानपणी पत्ते खेळताना हातातला एक्का फ्रॉकखाली सरकवायचीस, कारण हरलो की मी जेवायचो नाही. मला ते तेव्हाही कळायचं. कळूनही मी तो डाव खिशात घालायचो, कारण मला जिंकायला फार आवडायचं.

चिमणीनेच तुझे कान भरले असणार, की निवृत्त झाल्यापासून बाबा गप्प असतात. असतो मी गप्प. सकाळी जाग येते तीच बस काढायच्या वेळेला, आणि मग आठवतं की आता ती दुसराच कुणी काढतो. पण म्हणून तू चिखलाच्या डबक्यांत गाडी घालून मला पहिला नंबर बहाल करावास, असं नाही. मला खराखुरा जिंकू दे, नाहीतर खराखुरा हरव.

भाच्याला आशीर्वाद कळव. कृपा असू दे, दया मात्र नको.
तुझा ठोंब्या

२७ जून

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पकडलंस बाबा. हरते मी मुद्दाम. आता तुला समजलंच आहे तर लपवून काय उपयोग. धाकट्या भावाला दोन रविवार बरे जावेत असं वाटलं, त्यात एवढं फुरंगटायला काय झालं? आणि अक्षर मोठं आहे ते पेन जाड आहे म्हणून. स्टेशनरीवाल्याने गळ्यात मारलं. संपेपर्यंत वापरायला नको का?

काम चाललंय. सुईत दोरा मी आता ज्या पोरी येतात त्यांच्याकडून ओवून घेते, त्यांनाही गंमत वाटते. मध्ये एक कोट परत आला. काळ्या अस्तराला मी गडद हिरव्या दोऱ्याने टीप घातली होती. दुकानातला दिवाच मेला पिवळट आहे, बदलायला झालाय. बाई चांगल्या होत्या, हसून सोडून दिलं. मला मात्र दिवसभर जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं कधी झालं नव्हतं.

असो. येत्या रविवारी तुला असा हरवते की पुन्हा तक्रार करणार नाहीस.

माया आहेच, ती मागून घ्यायची गरज नाही.
तुझी ताई

९ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. शेवटी सरळ लिहायचं ठरवलं.

गेले दोन रविवार मी जिंकायचं सोडून तुझ्या गाडीकडे बघत होतो. तुझ्यापुढे राहिलो आणि मागचं दिसतं तो कोपऱ्यातला आरसा बघत राहिलो, ती सवय अजून गेलेली नाही. मी वळणाच्या आधी ब्रेक दाबतो, माझ्या गाडीमागचा लाल दिवा लागतो, आणि तू येऊन मला मागून धडकतेस. दर वळणावर. चिमणी माझ्यावर हसते ती मी फार लवकर ब्रेक दाबतो म्हणून, म्हणजे मागच्याला भरपूर वेळ मिळतो. तरीही तू धडकतेस, आणि धडकण्याआधी तुझी गाडी जराही हळू होत नाही.

ताई, ज्याला मुद्दाम हरायचं असतं तो मागे रेंगाळतो. तो धडकत नाही. मी रस्त्यावर आयुष्य काढलंय, मला एवढं कळतं. तुला दिवा दिसलाच नाही. चिखलाची डबकी दिसली नाहीत. काळा आणि हिरवा दोरा तुला वेगळा दिसला नाही, आणि त्यात दुकानातल्या दिव्याचा काही दोष नाही. जाड पेनाची गोष्ट तर मी मूर्खासारखी चेष्टेवारी नेली.

मला खरं सांग, तुला किती दिसतं? डॉक्टरांना दाखवलंस का? मी रागावलेलो नाही. नाही, रागावलोय, पण ते नंतर. आधी उत्तर पाठव, आणि लपवाछपवी करून पाठवू नकोस. आईनंतर मला रागावणारं दुसरं कुणी उरलेलं नाही, हे तुला माहीत आहे.

उत्तराची वाट बघतोय.
तुझा ठोंब्या

१६ जुलै

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरांनी वसंतातच सांगितलं, की ऑपरेशन करून घ्या, आता साधी गोष्ट झालीये. त्यांच्यासाठी साधी. ते डोळा दुसऱ्याचा कापतात.

समोरच्या माणसाचा चेहरा धुरकट दिसतो, पण आवाजावरून भागतं. रंगांचं भागत नाही. निळा, काळा, हिरवा सगळे एका रांगेत येऊन बसतात आणि मी त्यांना हाताने चाचपते, जणू रंग हाताला लागणार आहे. टॅबवर तर रस्ता आणि डबकी यांत मला काहीच फरक दिसत नाही. मी आपली अंदाजाने गाडी हाकते. मी मुद्दाम हरते असं तू म्हणालास, तेव्हा मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. म्हटलं, चला, आंधळी दिसण्यापेक्षा मायाळू दिसलेलं बरं.

भीती कसली ते विचारशील. ऑपरेशन बिघडलं तर डोळा गेला, डोळा गेला की दुकान गेलं. आणि नाही बिघडलं तरी मुलाला कळलंच, की तो म्हणणार, पुरे झालं आता, इकडे ये. त्याचं घर चांगलं आहे रे. बाल्कनी आहे. दिवसभर ती बाल्कनी आणि मी, एकमेकींकडे बघत बसायचं. तुझी बस गेली तर तू कसा झालास ते मी बघितलंय. तू निदान नोकरीच्या नियमाने सुटलास, मी माझ्या हाताने कुलूप लावू का? हे दुकान सोडून मला मी कोण ते सांगताच येत नाही. म्हणून गप्प बसले. चुकलं असेल माझं, पण घाबरले होते आणि अजून घाबरलेलीच आहे.

चिमणीला सांगू नकोस. सांगशीलच, पण मी नको म्हटलं होतं एवढं लक्षात ठेव.
तुझी ताई

४ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

मी आत्याकडे पोचलो ते तू ऐकलंसच. ती दारात उभी राहून मला म्हणाली की कुणी बोलावलं होतं, आणि मग माझी पिशवी हातातून ओढून घेतली. तिच्या डोळ्याला हात लावायचा म्हणजे आधी तिच्या तोंडाला तोंड द्यावं लागतं. दवाखान्यात जायच्या सकाळी तिने चार वेळा चपला बदलल्या. रिक्षात बसल्यावर मात्र माझा हात धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही. ती लहानपणी मला शाळेत अशीच धरून न्यायची.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. पट्टी काढल्यावर तिने पहिलं मला बघितलं. म्हणाली की मी फारच म्हातारा दिसायला लागलोय आणि माझ्या शर्टाची कॉलर उसवलीय. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन जरा रडून आलो. डावा डोळा महिन्याभराने.

दुकानात मी बसतो, म्हणजे नुसता बसतो. येणाऱ्या बायकांना सांगतो की ताई जरा रजेवर आहेत. पहिल्याच दिवशी एकीने मला सांगितलं, की त्यांना सगळ्यांना केव्हापासून ठाऊक आहे. कोट परत आला, त्यानंतर त्या आपापल्या कापडाला जुळणारा दोरा घरूनच घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, घरात पडून होता, वापरून टाका. तुझ्या आत्याला वाटायचं की ती सगळ्यांना फसवतेय. मी तिला हे अजून सांगितलेलं नाही. सांगावं की नाही, तूच कळव.

आणि तिच्या मुलाला मी फोन केला. तो दुकान बंद कर असं एका शब्दानेही म्हणाला नाही. शिवणयंत्रावर लावायला कुठला दिवा चांगला, एवढंच विचारत होता. आता मी हं हं करत नाही, फोनवर बोलतो. खेळाची परवानगी डॉक्टरांनी दिलेली नाही, म्हणून ती टॅब मला पुसायला लावते आणि बघते.

तब्येतीला जप, आणि रविवारी एकटीने सराव करू नकोस.
बाबा

८ ऑक्टोबर

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

अक्षर बारीक आहे, चष्मा लावून वाच. जाड पेन केशकर्तनवाल्याला देऊन टाकलं, त्याने त्या पेनाने दरपत्रक रंगवलं.

दोन्ही डोळे आता माझे मलाच दिसण्याइतके स्वच्छ आहेत. आरशात बघितलं तर एवढ्या सुरकुत्या कुठून आल्या कळेना, तुला उगाच बोलले. दुकानात दोऱ्यांची रिळं काढून पुन्हा रंगाने लावली. काळ्यांच्या खणात निळी निघाली, हिरवी निघाली, एक तर चक्क जांभळं. गिऱ्हाइकं दोरा का आणत होती तेही मला कळलं. चिमणीने सांगितलं, तिच्या पोटात काही राहत नाही. त्या प्रत्येकीचा पुढचा कपडा मी असा शिवणार आहे की उलटा घातला तरी चालेल. मुलाने दिवा पाठवलाय, तो वरच्या डॉक्टरीणबाई दात बघायला मागतात.

आता कालच्या रविवारचं. चिमणी डबक्यात गेली, आपण दोघंच पुढे होतो, आणि मी पहिली आले. तू लगेच निरोप पाठवलास की ताई, आज तू मला खरंखुरं हरवलंस.

ठोंब्या, शेवटचा रस्ता सरळ होता. तिथे वळण नव्हतं, चौक नव्हता, बदकंसुद्धा नव्हती. तू माझ्या पुढे होतास आणि तुझ्या गाडीचा मागचा लाल दिवा लागला. चांगला लख्ख लागला. मी बाजूने काढून पुढे गेले आणि तू तसाच मागे रेंगाळलास.

पत्त्यांतला एक्का तुला कळायचा म्हणतोस, पण तेव्हा तुला कसं वाटत असेल ते मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. काल कळलं. फार बरं वाटलं रे. पण पुन्हा असं करू नकोस.

येत्या रविवारी मन लावून खेळ. मला आता दिवा दिसतो.
तुझी ताई