बंद घराचा नळ

११ फेब्रुवारी, मंगळवार

"काका, या बंद घराला नळ आहे का?"

"नाही."

एवढंच बोललो. आणि आहे! माझ्या नळाशेजारूनच गेलाय.

गल्लीतला पाण्याचा जुना पाईप बदलतायत — माझ्या जन्माच्याही आधीचा, बिडाचा. रस्ता न खोदता! ओंकार म्हणून इंजिनिअर आहेत, त्यांनी समजावून सांगितलं. गल्लीच्या दोन्ही टोकांना खड्डे. जुन्या पाइपातून सळया घालायच्या, टोकाला लोखंडी शंकू. मशीननं ओढलं की जुना पाईप आतल्या आत फुटत जातो आणि मागोमाग नवा प्लास्टिकचा पाईप त्याच्या जागी येऊन बसतो. फक्त ज्या घराला नळ आहे, त्याच्यासमोर आधी छोटा खड्डा करून तो सोडवून ठेवायचा, नंतर नव्या पाइपाला जोडायचा. "एखादा राहिला तर तुटून जातो, काका. वरून कळतसुद्धा नाही."

मग त्यांनी शेजारच्या बंद घराचं विचारलं. हे सगळं ऐकल्यावर मी नाही म्हणालो. आधी नव्हे.

घर रतनबाईंचं. लेकीच्या — रेश्माच्या — बाळंतपणासाठी पुणतांब्याला गेल्यात. नळाला मोटर लावून सगळं पाणी ओढतात आणि आमच्याकडे करंगळीएवढी धार. दिवाळीत बोललो, तर भर गल्लीत — "पानी काय तुमच्या बापाचं हाय का?" तेव्हापासून माझं बोलणं बंद. बायकोचं, स्टेलाचं, चालू आहे.

उद्या सकाळी ओंकारना गाठून सांगतो. चुकून बोललो म्हणायचं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही. पाईप आज ओढला. मी ओट्यावर उभा होतो. पायाखाली जरा थरथर, बस्स. रतनबाईंच्या दारापुढून शंकू गेला असेल तेव्हा काही वेगळा आवाज येईल वाटलं. आला नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आमचा नळ जोडला. काय धार! बादली बघता बघता भरली. स्टेला खूश.

संध्याकाळी रिक्षा थांबली. रतनबाई, रेश्मा आणि कापडात गुंडाळलेलं बाळ. मुलगी झाली. सिझेरिअन. रेश्मा भिंतीला धरून चालत होती. बाळ बरोबर येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरंच नव्हतं आलं!

१६ फेब्रुवारी, रविवार

पाण्याची पाळी. त्यांचा नळ कोरडा. रतनबाई गल्लीत येऊन कामगारांच्या नावानं ओरडत होत्या. मग सरळ माझ्या दारात — "शांतवनभाऊ, तुमी तर हितंच हुता. ते म्हनत्यात यादीत या घराला नळच न्हाई! तुमी सांगा की त्यांना."

"बघतो," म्हणालो.

चर्चमध्ये आज प्रभुभोजन होतं. मनात पाप लपवून ती भाकर घ्यायची नसते. मी जागेवरून उठलो नाही. स्टेलाही उठली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

स्टेलानं आमच्या नळाला पाईप लावून भिंतीवरून त्यांच्याकडे सोडलाय. तरी आत हंडे-बादल्या उचलून न्याव्या लागतातच. दिवसभर लंगोट धुण्याचा आवाज येतो.

रतनबाई भिंतीपाशी थांबल्या. "दिवाळीत मी लई वाईट बोलले, भाऊ. मनात धरू नका. तुमी हाय म्हनून लेकरू न्हातंय."

जेवण गेलं नाही.

१९ फेब्रुवारी

सांगायचं ठरवलं. गेलो. रतनबाई बाळाला शेक देत होत्या. परत आलो.

२० फेब्रुवारी, गुरुवार

रतनबाई औषध आणायला गेल्या असताना रेश्मानं बादली उचलली. ओली बाळंतीण! आठवडा-दीड आठवड्याची! टाका उसवला. स्टेलाला हाक ऐकू आली म्हणून बरं. साडी रक्तानं भिजलेली. रिक्षात मी उचलून ठेवली तिला. "काका, बाळ एकटं हाय," एवढंच म्हणत होती.

बादली माझी. माझ्या नळाचं पाणी. माझं "नाही".

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रेश्माचे टाके पुन्हा घातले. धोका नाही म्हणाले डॉक्टर.

आधी ओंकारकडे गेलो. खोटं बोललो, मुद्दाम बोललो, म्हणून सांगितलं. त्यांनी तिथूनच एक फोन लावला. "काका, जोडणी करणारी माणसं संगमनेरच्या कामावर गेलीत. सोमवारी येतील." रागावले असते तर बरं झालं असतं.

मग दवाखान्यात. रतनबाई व्हरांड्यात, बाळ मांडीवर. उभ्या उभ्याच सांगितलं. मोटरचंही सांगितलं — त्या मोटरचा राग होता म्हणून.

"कंची मोटर?" म्हणाल्या. "ती तर लई आधी जळाली. भंगारात दिली."

खड्ड्याजवळ त्या जुन्या पाइपाचे तुकडे पडलेले बघितले होते मी. आत गंज इतका साचलेला की सळई जेमतेम गेली असेल. पाणी येणार कुठून? तुकडे बघूनही माझ्या मनात मोटरच होती!

"मला इचारायचं तरी, भाऊ," म्हणाल्या. आवाज चढला नाही. "माझी पोर आत पडलीय. आता जावा तुमी."

बाळाचं तोंड पदरानं झाकलं. माझ्यापासून.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी त्यांचा नळ जोडला. मी खड्ड्याशेजारी उन्हात उभा राहिलो, काम संपेपर्यंत. कुणी बसा म्हटलं नाही, मीही बसलो नाही. रेश्मा घरी आली. पाणी सुटलं तेव्हा रतनबाईंनी कळशी लावली. माझ्याकडे बघितलं. भरलेली कळशी घेऊन आत गेल्या, दार लोटलं.

स्टेलाला अजून काही बोललो नाही. छत्तीस वर्षांचा संसार. ती मला सरळ माणूस समजते.

२५ फेब्रुवारी

सांगितलं. मेथी निवडत होती. वर बघितलं नाही.

"मला माहीत होतं," म्हणाली. मी नाही म्हणालो त्याच मंगळवारी, मी बाजारात गेल्यावर, ओंकार पुन्हा आले होते. खात्री करायला. काका नाही म्हणालेत, बरोबर ना, असं तिलाही विचारलं.

"तुम्हाला खोटं कसं पाडायचं? मीही नाहीच म्हणाले."