खोलीत दुसरं कोणी नाही

बीड,
बुधवार, दि. १५ जानेवारी २०२५

चि. भागवत,
आशीर्वाद. कालची संक्रांत बरी झाली. शेजारचा परमेश्वर उद्या तुमच्या शिरूरला येतोय, त्याच्याकडे या पत्रासोबत तिळगूळही दिलाय. तुझ्या वहिनीने केलेला आहे, तेव्हा दात सांभाळून खा. तिचा गुडघा आणि माझी बदलीची फाईल, दोन्ही जागच्या जागी आहेत.

फोनच करणार होतो. पण तू फोनवर अर्ध्या वाक्यात निकाल देतोस आणि ठेवून देतोस. न्यायाधीश व्हायचास, चुकून कांदा लावत बसलास. म्हणून लिहितोय.

तुझ्या राजनंदिनीच्या नोकरीच्या मुलाखतीबद्दल आहे.

आमच्या पाठशाळेची रीत तुला ठाऊक आहे. विद्यार्थी म्हणता म्हणता अडला की गुरुजींनी पुढचा शब्द द्यायचा. पोर तीन महिने माझ्याकडे राहिली, तर सॉफ्टवेअरमधलं काही कळत नसताना मी तिच्याकडून रोज सकाळी प्रश्नोत्तरं म्हणवून घेतली. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. तिला समजलेली, मला नुसती पाठ.

पुण्याच्या कंपनीच्या दोन फेऱ्या ती पार झाली. तिसरी व्हिडिओवर होती. साहेब विचारतील ते तिने तिथल्या तिथे लिहून दाखवायचं. मी कोपऱ्यातल्या खाटेवर रग पांघरून बसलो. तिने नको म्हटलं होतं. शब्द काढणार नाही, असं मी वचन दिलं.

साहेबांनी विचारलं, यादी रिकामीच आली तर तुमचा प्रोग्राम काय करील?

ती थांबली. सव्वीस वर्षं माझ्यापुढे जो थांबला तो विसरलेलाच असायचा रे. माझ्या तोंडून निघून गेलं, "रिकामी असेल तर तिथूनच परत फिरायचं."

"खोलीत कोण आहे?"

"दुसरं कोणी नाही, सर."

"जरा कॅमेरा फिरवून दाखवा."

तिने फिरवला. रगातले संस्कृतचे अध्यापक दिसले. साहेबांनी मला नमस्कार केला, हे विशेष. तासाभरात नकार आला: नियमभंग.

आणि मी तुला फोनवर काय सांगितलं? "पोरगी अडकली. उत्तर आलं नाही तिला." ती समोरच उभी होती. तू म्हणालास, "मग काहून ठिवायची तिथं? शुक्रवारी नेतो. गेवराईच्या पाव्हण्यांना सोयरिकीला हो म्हणून टाकतो." तिने मला खोटं पाडलं नाही. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "काका, मी इसरले नव्हते. इचार करीत होते."

खोटं बोलायला शास्त्रात सवलत आहे का, तेही पाहिलं. जिवावर बेतल्यास आहे. भित्र्या काकाला नाही.

शनिवारी अकरा वाजता तिची दुसऱ्या कंपनीची फेरी आहे. शुक्रवारी येऊ नकोस. पाव्हण्यांना थांबव. मला काय बोलायचं ते रविवारी येऊन बोल, वहिनीसमोर बोल, मी ऐकून घेईन.

काल तिने विचारलं, "शनवारी तुमी घरात नसलात तर चालंल का?" चालेल म्हणालो. इतक्या मऊ आवाजात मला कोणी घराबाहेर काढलं नव्हतं.

ज्याचा शब्द तू पोरीला न विचारता खरा धरलास, तो
तुझा
मोहनदादा