तळेगावच्या फ्लॅटची मालकीण

मी, विजयकुमार दत्तात्रय खांबेटे, वय वर्षे त्र्याहत्तर, मूळ तळेगावचा, सध्या मुक्काम शारजा, गुडघे सोडून बाकी सर्व शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दमलो आहे. माझ्यामागे दुसऱ्या कोणी दमू नये, एवढाच हेतू.

१. दुबईत मी जर्मन वकील रायनर फोग्ट यांचा सेक्रेटरी होतो. साहेब त्यांच्या नदीकाठच्या गावात तीनदा नगरसेवक. शाळेच्या मुलांसाठी भांडून पूल बांधून घेतला. पुढे बाजारचौकात गाड्या बंद करा म्हणाले, तर दुकानदारांनी निवडणुकीत पाडले. मग इथे येऊन लोकांची मृत्युपत्रे करत राहिले. दुपारच्या चहाला मी शाळेतल्या कविता म्हणायचो, अर्थ इंग्रजीत सांगायचो. ते डोळे मिटून ऐकत. "ब्यूटिफुल, विजय. पण यातलं घर कोणाच्या नावावर?"

स्वतःच्या गावच्या घरात मात्र त्यांनी पत्नी रेनाटेबाईंना तहहयात राहण्याचा हक्क तेवढा लिहिला, मालकी पुतण्याला. साहेब गेले, बाईंचा इथला व्हिसा संपला, त्या गावी परतल्या. पुतण्याने त्यांना घराबाहेर काढले नाही. फक्त दिवाणखाना भाड्याने दिला आणि त्यांचे सफरचंदाचे झाड तोडले. फोनवर त्या माझ्या पत्नीला, प्रमिलेला म्हणाल्या, "मी इथे पाहुणी आहे."

२. माझ्या पहिल्या मसुद्यात तळेगावचा फ्लॅट असाच होता : पत्नी सौ. प्रमिलेस तहहयात, नंतर चि. वेदांगला. साहेबांचाच नमुना. वेदांग तो राहतो त्या रुवैसहून आला होता. "बाबा, बी प्रॅक्टिकल. फ्लॅट विकून टाकू. आई आमच्याकडे राहील ना!"

प्रमिला मेथी निवडत होती. "तहहयात म्हणजे काय हो?"

"तू आहेस तोवर तुला कोणी काढणार नाही."

"म्हणजे रेनाटेसारखं."

सबब तो मसुदा रद्द. फ्लॅट व बँकेतील शिल्लक प्रमिलेस, पूर्ण मालकीहक्काने. विको, ठेवो, गॅलरीत जाई लावो. वेदांग, रागावू नकोस. ती तुझ्याकडे येईल. पण स्वतःच्या घराला कुलूप लावून येईल.

३. माझ्याकडे राहिलेला साहेबांचा काळा वकिली झगा नात शुभ्राला, शाळेच्या नाटकात वकील व्हायला. कवितांची जुनी क्रमिक पुस्तके मुलगी ईशानीला. पाने जपून उलटावीत; पिंपळपाने आहेत.

४. वसईकर मित्र पॅट्रिकने माझा शब्दकोश नेला, तो नेलाच. त्यालाच देणार होतो. पण तो साक्षीदार, त्याला काही देता येत नाही. पॅट्रिक, आता तरी परत कर. ईशानीला दे.

सहीच्या वेळी प्रमिला म्हणाली, "मीही करते की सही."

"ज्याला मिळतं, त्यानं साक्षीला राहायचं नसतं."

"जन्मभर तेच तर केलं. तुमच्या कवितांना, त्या साहेबाच्या पुलाच्या गोष्टीला."

"म्हणून आता नको," म्हटले.

ती चष्मा पुसत बाजूला बसली. तिने सही केलेली नाही, याची नोंद असावी.

साक्षीदार : पॅट्रिक डिमेलो, मनोरमा ओक
स्थळ : शारजा. दि. १४ नोव्हेंबर २०२४
(सही) वि. द. खांबेटे