साल म्हणजे वर्ष नव्हे

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
वन आरोग्य व कीड सर्वेक्षण कार्यालय.

विषय : निरीक्षण पट्टा क्र. ७ मधील तीन झाडे तोडण्यास तातडीने परवानगी मिळणेबाबत. (पूर्वीची मागणी : एकेचाळीस झाडे.)

संदर्भ : १) अर्जदाराचा अहवाल, दि. ८ जानेवारी. २) आपले पत्र, दि. ३० जानेवारी (साल). ३) आपले पत्र, दि. ६ मार्च (खोड). ४) आपला आदेश, दि. २७ एप्रिल, मिळाला दि. २० मे.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार गेली अकरा वर्षे पट्टा क्र. ७ मधील झाडांवरील कीड व रोगांची पाहणी करीत असून दरमहा 'निरंक' असा अहवाल पाठवीत आला आहे. त्या अहवालांबद्दल कार्यालयाने कधी एका अक्षराने विचारणा केली नाही.

२. दि. ८ जानेवारी रोजी एकेचाळीस पाइन झाडांच्या बुंध्यांशी ताजा भुसा आढळला. साल पोखरणारा भुंगेरा आत शिरल्याची ती खूण होय. नव्या भुंगेऱ्यांना पंख फुटण्याआधी झाडे तोडून साल जाळली तर बाकीचे बन वाचते. विनाआदेश उभ्या झाडास हात लावणे गुन्हा असल्याने अर्जदाराने परवानगी मागितली व लिहिले, "४१ झाडांवर साल सुटत आहे." त्यावर "कोणते साल सुटत आहे ते नमूद करावे" असे पत्र आले. 'साल सुटली' असे लिहिले असते तर घोटाळा टळला असता. ही चूक अर्जदारास मान्य आहे. त्याने "झाडांची साल" असा खुलासा पाठविला. आपल्या कार्यालयातील टंकलेखकाने तो व्याकरणदोष समजून "झाडांचे साल" असा सुधारला, आणि प्रकरण लागवडीची वर्षे नोंदणाऱ्या शाखेकडे जाऊन महिनाभर तेथेच बसले.

३. म्हणून अर्जदाराने 'साल' हा शब्दच टाकला आणि लिहिले की, खोड काढून टाकल्याशिवाय इलाज नाही. "कोणाची खोड, व ती काढण्याचा अधिकार आपणास कोणी दिला," असे विचारून प्रकरण शिस्तभंग शाखेकडे देण्यात आले. अर्जदार समक्ष हजर झाला असता आवक-जावक विभागातील बाई, ज्या स्वभावाने चांगल्या आहेत, म्हणाल्या, "अहो, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?" अर्जदाराने तेथेच झाडाच्या खोडाचे चित्र काढून अर्जास जोडले.

४. आपला आदेश मिळाला, त्याबद्दल आभार. परंतु एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तापले व भुंगेरे उडाले. आदेश त्याच एकेचाळीस झाडांपुरता आहे, आणि त्यांत आता भुंगेरा औषधालाही उरलेला नाही. बेचाळिसावे झाड तोडल्यास कारवाई होईल, असेही आदेशात आहे. बैल गेला नि झोपा केला, एवढेच नम्रपणे नमूद करतो. पट्ट्यातील तीनशे ऐंशी झाडांपैकी तीनशे एकोणऐंशी झाडांना कीड लागली आहे.

५. ही झाडे अर्जदाराच्या वडिलांनी मजुरीवर असताना लावली. त्यांची दृष्टी गेली आहे. झाड ते तळहाताने ओळखतात. रोज संध्याकाळी विचारतात, "आज काय सापडलं?" अर्जदार सांगतो, "काही नाही, बाबा." अकरा वर्षांत त्याने दिलेला हा एकच खोटा अहवाल आहे. आता येत्या रविवारी झाडांकडे नेण्याचा हट्ट त्यांनी धरला आहे. मेलेल्या झाडाची साल हात लावताच निघून येते, आणि त्यांना ते सांगावे लागणार नाही.

६. पाण्याच्या टाकीजवळच्या कोपऱ्यात एका झाडाची साल अजून घट्ट आहे. त्याला लागून असलेल्या तीन झाडांतले भुंगेरे आठवड्याभरात उडतील. ती तीन तोडू द्यावीत, ही विनंती. घरी कुऱ्हाड आहे. फक्त आदेश नाही. वडील बाकीच्या झाडांचे विचारणार नाहीत असे नाही. पण माणसाचा हात एका वेळी एकाच झाडावर ठेवता येतो, आणि त्यांचा हात धरून मला त्यांना तेथवरच न्यायचे आहे.

रविवारच्या आत उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(स्वाक्षरी)
निरीक्षण रक्षक, पट्टा क्र. ७
दि. २६ मे

सोबत :
१) तीन झाडांचा हाताने काढलेला नकाशा.
२) साल, एक तुकडा, न ओढता हाती आलेला. (वर्ष नव्हे.)