ताणा कुठचा

बाबा,

मागच्या महिन्यात मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहून टसर कोशाच्या कापडातले धागे जाळून पाहिले. आधी उभा, ताण्यातला. मग आडवा, बाण्यातला. दोन्ही वेळा केस जळल्यासारखा वास आला आणि काळी राख बोटांत चुरली. म्हणजे दोन्हीकडे रेशीमच. तुम्ही अंगणातल्या खाटेवर बसून हेच करायचा. आई आतून म्हणायची, "अवो, कापड विकाचं हाय का जाळाचं?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणायचा, "जाळल्याबिगर विकत नाई मी." सुती ताणा असला की कागद जळल्याचा वास येई आणि तुम्ही ते थान वेगळं ठेवायचा. तो वास घेतला आणि क्षणभर मला वाटलं, आता तुम्ही हात पुसायला पंचा मागाल.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे पुढे मी काय काम केलं ते तुम्हाला ठाऊकच नाही. नागपुरात माल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत मी तीस वर्षं निर्यातीची कागदपत्रं तयार केली. निवृत्त झाल्यावर इकडे आंधळगावला परत आले. आता दोन देश आपसांत करार करतात, की तुमच्या मालावर आम्ही आयात शुल्क घेणार नाही, किंवा कमी घेऊ. पण माल खरोखर त्या देशातला आहे, असा दाखला सोबत लागतो. मोठ्या कारखान्यांकडे त्यासाठी माणसं असतात. आपल्याकडच्या माग चालवणाऱ्याला, तांदळाच्या छोट्या गिरणीवाल्याला असा काही करार आहे हेच माहीत नसतं. म्हणून मी माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांचे अर्ज भरून देते. मोबदल्यात कोणी वांगी आणतं, कोणी करडी गावाहून नवा तांदूळ आणतं. तुम्हाला हे काम आवडलं असतं, असं मला वाटतं.

ते कापड होतं आपल्या मागच्या गल्लीतल्या विणकर बाईचं. पस्तिशीची आहे, तोंडाने फटकळ, हाताने फार सफाईदार. नवरा आणि दोन जावा मिळून चार माग चालवतात. तिला पहिल्यांदाच परदेशातून मागणी आली होती, साठ स्टोलची. शुल्कमाफीचा दाखला सोबत असेल तरच माल घेऊ, असं तिकडच्या दुकानवाल्याने स्पष्ट कळवलं होतं. हा माल पोचला तर दर हंगामात मागणी येणार होती, आणि नाही पोचला तर दोन माग बंद करायचे, हे त्यांच्या घरात ठरलेलं होतं. अर्जात एक प्रश्न असतो, माल संपूर्ण इथलाच आहे, की बाहेरचा कच्चा माल आणून इथे बनवलाय? मी तिला विचारलं. ती म्हणाली, "काकू, सगळं इथलंच हाय. बाहेरचं काय आनतो आमी?" मी धागे जाळले, रेशीम निघालं, आणि मी 'संपूर्ण इथला' या खान्यात खूण केली. चार दिवसांत दाखला आला. तिने मला पेढे दिले.

पेढ्यांचा डबा परत द्यायला मी तिच्या घरी गेले. ती चुलीपाशी लाखोळीची डाळ काढत होती, एका जाड, चकचकीत पिशवीतून. पिशवीवर परदेशी अक्षरं होती आणि रेशमाच्या लडीचं चित्र होतं. मी विचारलं, ही कुठली पिशवी?

"ताण्याच्या रेशमी सुताची. मजबूत रायते, डाळीले किडा लागत नाई."

"अगं, पण हे सूत बाहेरच्या देशातलं आहे."

"बाहेरचं कायले राहीन? भंडाऱ्याच्या दुकानातून आनलं हाय. बाना आपला, इथल्याच बायांनी काढलेला. ताना दुकानातला. सारेच तसं करतात काकू."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी भंडाऱ्याहून आणलेलं ते भंडाऱ्याचंच. चूक माझी होती. बाहेरचं रेशीमही केसासारखंच जळतं, बाबा. धागा जाळून आता फक्त रेशीम आहे एवढंच कळतं, कुठलं ते कळत नाही. त्यासाठी विचारावं लागतं, आणि नीट विचारावं लागतं.

मी तिथे तिच्या चुलीपाशी उभी आहे आणि मला तुमचा आवाज ऐकू येतोय. मी कॉन्व्हेंटच्या होस्टेलवरून सुट्टीला आलेली आहे, दहा-अकरा वर्षांची. प्रत्येक थानाला तुम्ही एक चिठ्ठी बांधता: कोष कुठच्या जंगलातले, ताणा कुठचा, विणलं कुठे. माल लांबच्या शहरात जायचा म्हणून चिठ्ठ्या इंग्रजीत हव्या आहेत, आणि सिस्टरांनी घटवून घेतलेलं माझं अक्षर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवता आहात. मी भराभरा सगळ्या चिठ्ठ्यांवर तिन्ही ठिकाणी आंधळगाव लिहून टाकते. कसं छान एकसारखं दिसतंय. तुम्ही अक्षरांवरून बोट फिरवत विचारता, "पोरी, या तान्यासाठी आंधळगाव काहून लिवलं?" मी म्हणते, आपल्या चौकातल्या दुकानातून तर आणला होता. तुम्ही रागावत नाही, हेच जास्त लागतं. एवढंच म्हणता, "दुकानातून आनला म्हनून का तो दुकानात पिकला?" आणि कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवता.

दुसऱ्या दिवशी मी विणकर बाईला सांगितलं, दाखला परत करायचा. "तुमाले कोन इचारलं होतं काकू माझ्या पिशव्या पाहाले? कागद त आला ना हाती. तिकडं कोन येऊन राहिला माझ्या चुलीजवळ?" मी सांगितलं की बाहेरच्या सुताचं इथे कापड विणलं, तरी या करारात ते कापड इथलंच धरतात. फक्त तसं उघड लिहावं लागतं, वेगळ्या खान्यात, सुताचं बिल जोडून. ती म्हणाली, आणि तोवर तो दुकानवाला थांबला नाही तर? मी त्याला पत्र लिहिलं, चूक माझी म्हणून लिहिलं. त्याने आठ दिवस दिले.

त्या आठ दिवसांत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. भंडाऱ्याचा सूतवाला बिल द्यायला तयार नव्हता. "त्याले म्हटलं, बिल दे नाईतर उठत नाई. दुपारपर्यंत बसली त्याच्या दारात," हे तिने मला कागद टेबलावर टाकता टाकता सांगितलं. नवा दाखला मुदत संपायच्या आदल्या दिवशी आला. साठ स्टोल गेले. काल ती आली, पुढच्या मागणीचा कागद घेऊन. बसली, चहा प्याली, आणि मी न विचारता म्हणाली, "लिवा काकू. ताना बाहेरचा, बाना आमचा."

तिच्यासमोर मी मोठं खरं माणूस ठरले आहे, आणि ते मला सहन होत नाही, म्हणून हे लिहायला बसले. त्या सुट्टीत मी चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या, तुम्ही ती थानं बसच्या टपावर चढवून वरठीच्या स्टेशनवर नेलेत, आणि येताना माझ्यासाठी हिरव्या रंगाचं शाईचं पेन आणलंत. "खरं लिवलं म्हनून," म्हणालात. ते पेन अजून माझ्याकडे आहे. निब मोडली आहे. पण बाबा, कोऱ्या चिठ्ठ्यांत एक कमी पडली होती. मागायची लाज वाटली. सगळ्यांत खालच्या थानाला मी जुनीच चिठ्ठी परत बांधली, तिन्ही ठिकाणी आंधळगाव लिहिलेली.