माझ्या बैठकीचा शेवटचा बंदोबस्त

मी, शिवलीला कल्लाप्पा मगदूम, वय ४४, धंदा दस्तलेखन, राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या बोटांनी टाईप करीत आहे. माझे स्नायू जन्मापासून विरत चालले आहेत. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण आमच्या घरात माझ्या शब्दापेक्षा शिक्क्याला मान जास्त. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो टाकण्याइतकी हुशारी माझ्या नातेवाइकांत नाही.

१. थोरले बंधू राजशेखर यांना मी माझी जुनी लोखंडी व्हीलचेअर देते. ती त्यांनीच एका पुढाऱ्याच्या वाढदिवशी, मंडपात, फोटोसह मला मिळवून दिली होती. तिची बैठक वीस इंच रुंद, मी चौदा इंच. कापड झोळीसारखे खाली गेलेले. त्यात माझी कंबर डावीकडे कलायची, कंबरेपाठोपाठ पाठही, आणि पडू नये म्हणून डावा हात खांबासारखा रोवून ठेवावा लागे. अकरा वर्षे मी एका हाताने लोकांचे दस्त लिहिले. कणा वाकला, छातीत श्वासाला जागा उरली नाही. येणारा प्रत्येक पावणा सांगायचा, "सरळ बस की गं!" जणू मला ते सुचलेच नव्हते. या सल्लागारांना मी काहीही ठेवलेले नाही.

२. वडिलांनी हयातीत माझ्या नावे केलेले राहते घर मी फिजिओथेरपिस्ट राजनंदिनी घोरपडे आणि साखर कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या गाद्या शिवणारे बाळासो चव्हाण या दोघांना समाईक देते. घर विकायचे नाही. पुढच्या खोलीत माझ्यासारख्यांची मापे घेऊन बैठका बनवायच्या.

राजनंदिनी भाडेकराराचा मजकूर करून घ्यायला आल्या होत्या. कागदाकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "ताई, दोष तुमच्या पाठीचा नाही. खालची बैठकच तिरकी आहे, वर पाठ सरळ राहणार कशी?" पर्समधून टेप काढून त्यांनी तिथेच मापे घेतली. राजशेखर दारात उभे होते. "आता ह्या वयात कशाला? दिवसभर बसूनच तर असतीस." वकिलीची पदवी घेतलेला माणूस हे बोलला.

बाळासो चार वेळा आले. "आक्का, कुठं टोचतंय ते सांगा, लाजू नका. ट्रॅक्टर काय बोलत न्हाय, तुम्ही तरी बोला." माझ्या मापाची नवी खुर्ची झाली: खाली प्लायचा कडक पाट, डावीकडे पाचर, छातीला दोन्ही बाजूंनी आधार, कंबरेवर पट्टा, पायांना माझ्या मापाची फळी. वाकलेले हाड सरळ झाले नाही. ते होणारही नव्हते. पण त्या दिवशी मी डावा हात उचलला आणि पडले नाही. दोन्ही हातांनी भाकरी मोडली. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

३. बँकेतील ठेव आणि आईच्या बांगड्या राजशेखर यांची मुलगी ऐश्वर्या हिला. कारण नोंदवते. तिच्या लग्नात राजशेखर म्हणाले, "फोटोत ती खुर्ची बरी दिसत न्हाय." दोघांकडून उचलून त्यांनी मला मखमली सोफ्यावर ठेवले आणि खुर्ची स्टेजमागे नेली. मी घसरत गेले. हनुवटी छातीत रुतली, श्वास अडकला, बँडपुढे आवाज निघेना. माणसे येऊन पाया पडून जेवायला जात होती. मुंडावळ्या बांधलेली ऐश्वर्या स्टेजवरून खाली आली, माझी हनुवटी हातावर उचलून धरली. "आत्या, श्वास घे. बाबा, खुर्ची आणा. तोवर मी वर चढणार न्हाय." राजशेखर आधी फोटोग्राफरला थांबवायला गेले. आजही ते म्हणतात, "जरा सरकली होती, एवढंच." त्या एवढ्यासाठी मी बारा दिवस दवाखान्यात होते.

४. बाळासोंनी केलेली खुर्ची आहे तशी कोणालाही दान करू नये. ती माझ्या मापाची आहे. दुसऱ्याला ती वाकवेल. भाग सुटे करून वापरावेत. दानशूरांना खुर्चीजवळ फिरकू देऊ नये.

५. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणे मला बसवूनच न्यावे आणि बसवूनच समाधी द्यावी. गुडघे वळतील तेवढेच वळवावेत, मांडी घालण्यासाठी ओढू नयेत. आधी कंबर टेकवावी, मग छातीला आधार, शेवटी डोके. हे काम बाळासो आणि ऐश्वर्या करतील. पहिली माती राजशेखर यांनी द्यावी. तो भावाचा हक्क मी काढून घेत नाही. मात्र बाळासोंनी "बसल्या नीट" असे म्हटल्याशिवाय त्यांनी मूठ उघडायची नाही.

माझी सही सावकाश होते. पुढील दोन्ही साक्षीदारांनी ती पूर्ण होईपर्यंत समोर बसून पाहिली, मगच आपल्या सह्या केल्या. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळत नाही.

सही: शिवलीला कल्लाप्पा मगदूम

साक्षीदार:
१. झुंबरबाई दत्तू माने, शेजारी
२. आदर्श बाबुराव खोत, मुद्रांक विक्रेते

ठिकाण: कसबा बावडा, कोल्हापूर
दिनांक: ३ फेब्रुवारी २०२५